पेटंट अर्जाची मुदत प्रोफॉर्माच्या तारखेपासून मोजा

प्रश्न: आमचे भोसरीत फोर्जिंगचे युनिट आहे. गोल्फच्या आयर्न हेडसाठी, म्हणजे काठीच्या चेंडू मारणाऱ्या धातूच्या टोकासाठी, 1025 या कमी कार्बनच्या स्टीलमध्ये बोरॉन आणि टायटॅनियम घालून नवे मिश्रण बसवले. गेल्या वर्षी 20 ऑगस्टला अमेरिकेतल्या एका खरेदीदाराला नमुन्याची हेड आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचे कच्चे बिल) पाठवला. नोव्हेंबरमध्ये प्रदर्शनात माहितीपत्रक वाटले, वेबसाइटवरही टाकले. गोपनीयतेचा करार केलेला नाही. खरेदीदार म्हणतो, त्याचा वकील आमच्या नावाने अमेरिकेत पेटंटचा अर्ज टाकेल. वर्षभराची सवलत असल्याने नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे ना? आणि त्याने दुसरीकडून तशीच हेड करून घेऊ नयेत म्हणून मनाई हुकूम मिळेल का?

उत्तर: नोव्हेंबरपर्यंत वेळ नाही. अमेरिकेच्या कायद्यात शोधकर्त्याने स्वतः माहिती उघड केली तर एक वर्षाची सवलत मिळते, इतपत तुमचे बरोबर आहे. पण ते वर्ष फक्त प्रदर्शनापासून मोजत नाहीत. तयार वस्तू विकण्याचा व्यापारी प्रस्ताव दिला की घड्याळ सुरू होते. गुपचूप केलेली विक्रीसुद्धा यात धरली जाते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेल्सिन खटल्यात स्पष्ट केले. दर, नग आणि डिलिव्हरी लिहिलेला प्रोफॉर्मा हा प्रस्तावच आहे आणि हेड तर तुम्ही बनवून पाठवली होती. म्हणून तुमची शेवटची तारीख 20 ऑगस्ट धरा.

हे लिहिताना जून संपत आला आहे. दहा महिने अर्ज न टाकता माहितीपत्रके छापणारे उद्योजक मला वारंवार लिहितात आणि दर वेळी मला तेच सांगावे लागते: छापखान्यात जाण्याआधी पेटंट एजंटकडे जा.

खरेदीदाराच्या वकिलाला आजच लेखी नकार कळवा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परवानगीशिवाय परदेशात पहिला अर्ज करणे किंवा करवून घेणे पेटंट कायद्याच्या कलम 39 ने मना आहे. तसे झाले तर कलम 40 नुसार भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा मानला जातो आणि कलम 118 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रस्ते दोनच आहेत. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे, नाहीतर फॉर्म 25 भरून परवानगी घ्यायची. ती साधारण 21 दिवसांत मिळायला हवी.

माझा सल्ला पहिल्या रस्त्याचा. 1 जुलैला प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिला) अर्ज टाकलात तर सहा आठवडे 12 ऑगस्टला भरतात आणि आंतरराष्ट्रीय म्हणजे पीसीटी अर्जाला आठ दिवस उरतात. 8 जुलैला टाकलात तर 19 ऑगस्ट उजाडेल, म्हणजे गळ्याशी येईल. मग फॉर्म 25 सोबतच भरा. अमेरिकेत भारतातल्या अर्जाची तारीख अग्रक्रमासाठी धरतात, त्यामुळे तिथे जरा उसंत मिळते. जपानमध्ये मिळत नाही. तिथेही सवलत एका वर्षाचीच आहे, पण ती प्रत्यक्ष जपानी किंवा पीसीटी अर्जाच्या तारखेपर्यंत मोजतात. फोर्ज्ड आयर्नचे जाणकार ग्राहक आणि कसबी कारखाने जपानात आहेत, तो देश हातचा घालवू नका. युरोप आणि चीन मात्र गेले. तिथल्या सवलती अरुंद आहेत आणि स्वतः वाटलेले माहितीपत्रक त्यात बसत नाही.

प्रोव्हिजनल म्हणजे कच्चे टिपण नव्हे. त्यात जेवढे लिहाल तेवढ्यालाच ती तारीख मिळते. नुसते 'बोरॉन असलेले 1025' लिहून काही हाती लागणार नाही. मिझुनो या गोल्फ साहित्याच्या कंपनीच्या 2016 च्या जेपीएक्स-900 फोर्ज्ड या आयर्नमध्ये बोरॉन घातलेले 1025 होतेच. तुमचे वेगळेपण असेल तर ते टायटॅनियम-नायट्रोजनच्या प्रमाणात आणि उष्णता-प्रक्रियेत. स्टीलमधला नायट्रोजन बोरॉनला पकडून बोरॉन नायट्राइड बनवतो आणि मग बोरॉनचा उपयोग राहत नाही. तो नायट्रोजन बांधायला वजनाने सुमारे 3.4 पट टायटॅनियम लागते. शिवाय बोरॉनचा फायदा कठिणीकरणक्षमतेत असतो, म्हणजे क्वेंचिंग-टेम्परिंग (तापवून झटकन थंड करणे आणि मग पुन्हा बेताने तापवणे) केले तरच. तापमान, माध्यम आणि वेळ लिहिली नाही तर परीक्षक विचारील की दुसऱ्याने हे करायचे कसे, आणि शोधाचे पूर्ण वर्णन मागणारे कलम 10 त्याच्या बाजूने असेल.

म्हणून प्रत्येक घटकाची किमान-कमाल मर्यादा टाका. बोरॉन 5 ते 30 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) घरात असतो, तेव्हा तो कोणत्या पद्धतीने मोजला आणि एकूण मोजला की विरघळलेला, हेही लिहा. हीट नंबरसकट (स्टीलच्या घाण्याचा क्रमांक) टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट आणि घटक मोजणारा स्पेक्ट्रो रिपोर्ट जपून ठेवा. साध्या 1025 च्या हेडशी तुलना हवी: ताणशक्ती, लांबण, आणि लॉफ्ट-लाय (हेडचे कोन) दोन अंश वाकवल्यावर होझेलला, म्हणजे दांडा बसतो त्या नळीला, चीर जाते का. ही तुलना नसेल तर कलम 3(ई) खाली 'नुसते मिश्रण' म्हणून अर्ज अडकतो.

भारतात पेटंट मिळेल का? प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले असेल तरच कलम 31 ची बारा महिन्यांची सवलत मिळते, आणि बहुतेक व्यापारी प्रदर्शने तशी नसतात. मग माहितीपत्रकात काय छापले यावर सगळे ठरेल. फक्त कार्बन, मँगनीज, बोरॉन दिले असेल आणि टायटॅनियमचे प्रमाण व प्रक्रिया दिली नसेल, तर त्या भागाला आशा आहे. खात्री देत नाही.

मनाई हुकमाचे तूर्त सोडा. पेटंट मंजूर होईपर्यंत त्याच्या भंगाचा दावाच लावता येत नाही. करार नसताना विश्वासभंगाचा दावा ईमेलमधल्या शब्दांवर उभा करावा लागेल, आणि त्याची सुनावणी होईपर्यंत हेडचे मॉडेल बाजारातून जाईल.

उद्यम नोंदणी असेल तर छोट्या उद्योगाच्या फी-सवलतीसाठी फॉर्म 28 जोडा. ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये पडते. मिश्रण बाहेरच्या धातुतज्ज्ञाने सुचवले असेल तर शोधकर्ता म्हणून त्याचे नाव घाला आणि हक्क तुमच्या युनिटला दिल्याचा लेखी दस्त करून घ्या.

आणि खरेदीदाराच्या परचेस ऑर्डरच्या मागची बारीक अक्षरे वाचा. 'या ऑर्डरमधून निघालेली सुधारणा खरेदीदाराची' असे कलम तिथे असेल तर अर्ज कोणाच्या नावाने टाकायचा इथूनच वाद सुरू होतो. ती प्रत हरवली असेल तर खरेदीदाराकडे मागू नका. निर्यातीची कागदपत्रे ज्या बँकेतून गेली, तिथे आधी विचारा.