दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर असताना दुर्बिणी कार्बन मोनॉक्साइड का शोधतात? इंदुरात राहून यात काही करता येईल का?

मी इंदुरातच भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तारे जन्मतात ते 10-20 केल्विनच्या थंड ढगांत. तिथला हायड्रोजनचा रेणू अगदी सममित, म्हणून तो सहजी लहरी सोडत नाही. त्याला ऊर्जेच्या सर्वांत खालच्या पातळीवरून उठवायलाच सुमारे 500 केल्विन तापमानाइतकी ऊर्जा लागते. इतक्या थंडीत ती येणार कुठून? कार्बन मोनॉक्साइडला पहिल्या पायरीला 5.5 केल्विन पुरतात. हायड्रोजनच्या टकरांनी तो फिरायला लागतो आणि 115, 230, 345 गिगाहर्ट्झला रेषा, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या रेडिओ लहरी, सोडतो.

हवेतली वाफ या लहरी शोषून घेते. म्हणून हवाईतली 15 मीटरची जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बीण 4,100 मीटर उंचीवर, तर चिलीतल्या आल्मा या दुर्बीण-समूहाच्या 66 तबकड्या 5,000 मीटरवर. आपल्या जानापावच्या डोंगरावर हे जमणार नाही.

खरं घोडं पेंड खातं ते पुढे. 115 गिगाहर्ट्झच्या रेषेच्या तीव्रतेला एका ठरावीक आकड्याने गुणून हायड्रोजन किती ते काढतात, पण तो आकडा आपल्या आकाशगंगेवरून बसवलेला आहे. लहान मॅगेलानी मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत जड मूलद्रव्यं आणि धूळ कमी. तिथे अतिनील प्रकाश कार्बन मोनॉक्साइड फोडून टाकतो, हायड्रोजन मात्र टिकतो. तोच आकडा लावला तर वायू फारच कमी भरतो. 345 च्या रेषेत तर जास्त उबदार, दाट वायूच उठून दिसतो. म्हणून कुठलाही नकाशा बघताना रेषा कोणती आणि गुणक कोणता, हे आधी विचारायचं.

आणि हो, इंदुरात बसून नक्की करता येतं. आल्मावरच्या फँग्स प्रकल्पाने 90 जवळच्या दीर्घिकांचे 230 गिगाहर्ट्झचे नकाशे सगळ्यांना खुले केलेत. सिंह राशीतली एम 66 ही दीर्घिका घ्या, कार्टा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ती सेकंदाला सुमारे 720 किलोमीटरने दूर जातेय, त्यामुळे 230.54 ची रेषा 229.98 च्या आसपास सापडेल. आता एकेक चॅनेल (वारंवारतेचा अरुंद पट्टा, म्हणजेच एकेक वेग) पुढे सरकवा: आधी चकतीच्या एका टोकाला उजेड, मग मध्यावर, मग दुसऱ्या टोकाला. दीर्घिका फिरताना दिसते! दोन्ही टोकांच्या वेगांतला फरक घेऊन निम्मा करा, फक्त चकती सुमारे 57 अंशांनी कललेली आहे हे हिशोबात धरा, नाहीतर फिरण्याचा वेग कमी येईल.