घाऊक वितरणाच्या वेबसाइटसाठी विकतची थीम घ्यावी की फुकटची?

समजा, तुमचा व्यवसाय स्टेशनरीच्या वितरणाचा आहे, आयटम दोनेक हजार, ग्राहक सगळे दुकानदार आणि साइट वर्डप्रेस (साइट बनवायची प्रणाली) आणि वूकॉमर्स (तिच्यावर ऑनलाइन विक्रीची सोय देणारी जोड) वापरून करायची आहे. अशा वेळी फुकटची साधी थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, घ्या. स्टोअरफ्रंट, अ‍ॅस्ट्रा, कॅडन्स, कुठलीही चालेल. वाचलेले पैसे घाऊक दर आणि झटपट ऑर्डर फॉर्म देणाऱ्या प्लगइनवर (साइटला जादा सोय देणाऱ्या जोडणीवर) घाला, कारण तुमचं काम तिथे होणार आहे.

विकतच्या बहुतेक थीम किरकोळ ग्राहकाला मोह पडावा म्हणून बनवलेल्या असतात. मोठे फोटो, स्लायडर, हलणारे बॅनर. दुकानदाराला काय हवं ते आधीच माहीत असतं. त्याला एका ओळीत आयटमचं नाव, कोड, एमआरपी, स्वतःचा दर, जीएसटी किती टक्के, पाकिटात किती नग आणि संख्या टाकायचा चौकोन हवा. अशा चाळीस ओळी भरून त्याने एकदाच 'ऑर्डर टाका' म्हणायचं. प्रत्येक आयटमचं पान वेगळं उघडावं लागलं, तर तो पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर यादीचा फोटो पाठवू लागेल. म्हणून थीमचा डेमो कंप्युटरवर पाहू नका, साध्या अँड्रॉइड फोनवर उघडा. एका स्क्रीनवर दोनच आयटम मावत असतील आणि यादीच्या स्वरूपात दाखवायची सोय नसेल, तर ती थीम सोडा.

संख्येचा चौकोन नीट तपासा. पेन १०च्या पाकिटात आणि वह्या डझनात जात असतील, तर अधिकचं बटण दाबल्यावर १० चे २०, १२ चे २४ व्हायला हवेत. काही थीम स्वतःची सजवलेली अधिक-उणे बटणं लावतात आणि ती प्लगइनने ठरवलेली पटच पाळत नाहीत. मग १३ वह्यांची ऑर्डर येते किंवा कार्टमध्ये एरर येतो.

दर लपवणं ही सगळ्यात नाजूक गोष्ट. लॉगिन न करता खासगी विंडोमध्ये आयटमचं पान उघडा, पानाचा सोर्स (त्यामागचा मूळ कोड) पाहा आणि त्यात तुमचा दर आकड्याने शोधा. दर नुसता सीएसएसने (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडने) झाकला असेल, तर तो तिथे सापडतो. सर्च इंजिनसाठी पानात घातलेल्या माहितीतही तो राहून जाऊ शकतो. कॅशिंग (पानाची तयार प्रत साठवून तीच सगळ्यांना दाखवणं) लावताना लॉगिन केलेल्यांना त्यातून वगळा, नाहीतर एका डीलरचा दर दुसऱ्याला दिसेल, आणि त्यानंतरचा फोन कोणालाच नको असतो.

दर जीएसटी वगळून दाखवा; वूकॉमर्सच्या टॅक्स सेटिंगमध्ये ती सोय आहे. जीएसटीआयएनचा (जीएसटी नोंदणी क्रमांकाचा) १५ अक्षरी रकाना चेकआउटला, म्हणजे ऑर्डर पक्की करायच्या पानावर, हवाच. इथे एक अडचण येते. नोव्हेंबर २०२३ मधल्या वूकॉमर्स ८.३ पासून नव्या साइटवर चेकआउटचं पान ब्लॉक स्वरूपात (वर्डप्रेसच्या नव्या, तुकड्या-तुकड्यांनी पान जोडायच्या पद्धतीत) येतं, आणि जुन्या पद्धतीच्या प्लगइनचे रकाने त्यात दिसत नाहीत. प्लगइन ब्लॉकला चालतं का ते विकत घेण्याआधी विचारा. चालत नसेल तर जुन्या पद्धतीचं, म्हणजे क्लासिक चेकआउट ठेवा.

शोध आयटमच्या कोडवरही चालला पाहिजे. वर्डप्रेसचा मूळ शोध नाव आणि वर्णनातच पाहतो, म्हणून फिबोसर्चसारखं प्लगइन लावा. नावं मराठीत देणार असाल तर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घ्या आणि ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणांत वेलांट्या आणि उकार कापले जातात.

इतकं करूनही विकतची थीमच घ्यायची असेल, तर ती बसवल्यावर वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर खालच्या भागात टेम्पलेटची (थीमने वूकॉमर्सच्या पानांसाठी स्वतः बदललेल्या फाइलींची) यादी पाहा. तिथे 'आउटडेटेड' दिसलं, तर थीमवाला वूकॉमर्सच्या मागे पडला आहे, आणि पुढच्या अपडेटला कार्ट किंवा चेकआउट बिघडू शकतं. परताव्याची मुदत संपायच्या आत हे तपासा.