रस्त्याकडेच्या इवल्या रानफुलाचे उमलणे सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून टाइम-लॅप्सने टिपताना फोकस का टिकत नाही?

आपण विचारले आहे की सूक्ष्मदर्शकाचे भिंग कॅमेऱ्याला जोडून रानफुलाचे उमलणे टाइम-लॅप्सने, म्हणजे ठरावीक वेळाने एकेक छायाचित्र घेऊन, टिपू लागले की थोड्याच वेळात चित्र धूसर का होते. माझ्या अनुभवात दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, फूलच जागचे हललेले असते. ज्या भिंगावर 4 (किती पट मोठे दिसते) आणि 0.10 (भिंगाची उजेड गोळा करण्याची क्षमता) असे आकडे कोरलेले असतात, त्यातून एका वेळी जेमतेम 0.05 मिलिमीटर खोलीच स्पष्ट दिसते आणि वाढता देठ तेवढे अंतर सहज ओलांडतो.

मी सुरुवात एकदांडीपासून केली. हे मूळचे अमेरिकेतले तण आपल्याकडे प्रत्येक बांधावर आणि कुंपणाशी सापडते. आपण ज्याला तिचे फूल म्हणतो तो खरे तर अनेक फुलांचा गुच्छ असतो आणि मधली बारीक पिवळी फुले कडेकडून आत क्रमाने उमलतात. त्यांतल्या एकेका फुलात परागकोश, म्हणजे परागांच्या पिशव्या, एकमेकांना चिकटून नळी झालेली असते, कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाचा दांडा, त्या नळीतून पराग वर ढकलत बाहेर येतो आणि मग त्याच्या दोन शाखा अलग होऊन मागे वळतात. ही हालचाल मी प्रथम पडद्यावर पाहिली तेव्हा इतकी वर्षे पायाखाली तुडवलेल्या या तणाबद्दल मला मनापासून अपराधी वाटले.

एका क्षणासाठी एकच छायाचित्र घेऊन हे साधत नाही. कॅमेरा मोटरवर चालणाऱ्या सरकपट्टीवर बसवून, दर वेळी 0.04 मिलिमीटर पुढे सरकवत मी तीस छायाचित्रे घेते आणि त्यांचे स्पष्ट भाग संगणकावर एकत्र जोडते. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. त्यामुळे एक मिलिमीटरहून थोडी अधिक खोली हाती येते आणि फूल किंचित सरकले तरी चौकटीत स्पष्ट राहते. मिनिटाला असा एक संच धरला तर दोन तासांत 3600 छायाचित्रे होतात, त्यांतून 120 चित्रे उरतात आणि सेकंदाला 25 या वेगाने ती पाच सेकंदांतच संपतात. खटाटोपाच्या मानाने हे थोडे वाटेल. मला ते पुरेसे वाटते.

रोप मातीच्या ढेकळासह आणावे, कारण तोडलेली फांदी कोमेजते आणि तिचे वाकणे उमलण्यात मिसळते. फुलाच्या अगदी खाली देठाला टाचणीचा आधार द्यावा, पंखा बंद ठेवावा आणि कॅमेऱ्याला हादरा बसू नये म्हणून शटर इलेक्ट्रॉनिक निवडावे. खिडकीचा उजेड ढगांबरोबर बदलून चित्रफीत लुकलुकते, म्हणून एकच स्थिर दिवा वापरावा.

दादासाहेब फाळके यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ याच तत्त्वाने, थांबून थांबून चित्रित केली होती. आपल्याकडची साधने त्या मानाने कितीतरी सोपी आहेत.

एक विनंती मात्र आवर्जून करते. कास पठारासारख्या संरक्षित ठिकाणची सीतेची आसवे ही रानफुले कितीही मोहक वाटली तरी तिथून एकही रोप उपटून आणू नये. एकदांडी घराजवळच मिळते. आदल्या संध्याकाळीच तिची कळी भिंगाखाली नीट बसवून ठेवावी, म्हणजे सकाळची घाई टळते.