मराठी मालिकांखाली मराठी अक्षरं का नसतात, आणि ती मागायची कशी?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं ऐकणं वयोमानानं जवळजवळ गेलंय, मशीन लावूनही टीव्हीवरचे संवाद कळत नाहीत, आणि मराठी वाहिन्यांवर मराठीत कॅप्शन कुठेच दिसत नाहीत. याला काही कायदा आहे का, आणि एकट्यादुकट्या माणसानं करायचं काय?

कायदा आहे. हे आधी सांगते, कारण बहुतेक लोक वाहिनीला ‘कृपया विचार व्हावा’ असं अर्ज-विनंतीच्या सुरात लिहितात आणि मग वर्षभर वाट बघत बसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ काढून बघा. त्यातल्या कलम ४२ मध्ये सरकारवर जबाबदारी टाकली आहे की इलेक्ट्रॉनिक माध्यमं दिव्यांगांना वापरता यावीत म्हणून ध्वनिवर्णन (न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचं दृश्य आवाजात सांगणं), सांकेतिक भाषेतला अनुवाद आणि क्लोज कॅप्शन (हवी तेव्हा चालू करता येणारी पडद्यावरची अक्षरं) यांची सोय करावी. कलम २९ मध्ये तर थेट दूरचित्रवाणीच आहे: ऐकू न येणाऱ्यांना टीव्हीवरचे कार्यक्रम सांकेतिक भाषेत किंवा सबटायटलसह बघता आले पाहिजेत.

याच कायद्याच्या आधारे सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं खास टीव्हीसाठी मानकं काढली. तेव्हा मंत्री होते प्रकाश जावडेकर, म्हणजे आपले पुण्याचेच. वृत्तवाहिन्यांनी दिवसातून एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यायचं आणि बाकीच्या वाहिन्यांनी आठवड्यातून निदान एक कार्यक्रम किंवा चित्रपट सबटायटल वा सांकेतिक भाषेसह दाखवायचा, अशी सुरुवात ठरली होती. थेट प्रक्षेपण, खेळ, जाहिराती, प्रेक्षकवर्ग अगदी लहान असलेल्या वाहिन्या यांना त्यातून सूट आहे.

आठवड्यातून एक! मालिका सोमवार ते शनिवार रोज चालते. त्यातला एखादा भाग अक्षरांसकट बघायचा आणि बाकीचे पाच दिवस सून नेमकी का रडतेय याचा अंदाज बांधत बसायचं, याला मी तरी सोय म्हणणार नाही. सुरुवात म्हणून ठीक होतं. पण सुरुवातीलाच मुक्काम समजायची आपल्याकडे सवय आहे.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. मी सबटायटलिंग करते, बहुतेक काम मराठी मालिका आणि सिनेमांचं. आणि त्यातलं जवळजवळ सगळं इंग्रजीत. ओटीटीला देताना इंग्रजी सबटायटलची फाइल मागतातच. मराठी संवादांची मराठी फाइल क्वचित कोणी मागतं. एकदा एका निर्मात्याला मी विचारलं, तर म्हणाले, ‘मराठी माणसाला मराठी कळतंच की, वाचायला कशाला लावायचं?’ ऐकू येणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडतो, यात त्यांचा दोष नाही. पण याच प्रश्नामुळे तुमच्या वडिलांसारखी माणसं हिशेबातून गळतात. आयुष्यभर मराठी वाचलेलं आहे, पेपर रोज वाचतात, फक्त कान गेलेत. त्यांना इंग्रजी सबटायटलचा उपयोग नाही, आणि साठीनंतर कान गेलेला माणूस सांकेतिक भाषा शिकायला जात नाही.

शिवाय इंग्रजी सबटायटल ज्याला ऐकू येतं पण मराठी येत नाही अशा प्रेक्षकासाठी लिहिलेले असतात. त्यात फोन वाजला, दाराची कडी काढली, मागच्या खोलीतून कोणी हाक मारली, हे काहीच नसतं. ते त्यांना ऐकू येतं ना. खऱ्या क्लोज कॅप्शनमध्ये हे लिहावं लागतं, आणि कोण बोलतंय तेही. मराठी मालिकेत तर फारच. आपल्या मालिकांची रीतच अशी की बोलणारा कॅमेऱ्यात नसतो. त्याचं वाक्य ऐकून दचकलेले चार चेहरे एकामागून एक, तीनतीनदा दाखवतात आणि खाली ढोल बडवल्यासारखं संगीत. ओठ वाचून समजून घेणारा माणूस तिथे हरतो, कारण ओठच दिसत नाहीत. मशीनही हरतं, कारण ते संवादाबरोबर संगीतही मोठं करतं. वडील ‘काही कळत नाही’ म्हणतात ते अगदी खरं असणार. मशीन बदलून फार फरक पडेल असं समजू नका.

आता ‘परवडत नाही’ या उत्तराबद्दल. ते तुम्हाला मिळणारच आहे.

दैनंदिन मालिकेची खरी अडचण पैशापेक्षा वेळेची असते. एपिसोडची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग, संपलेली असली की आज दुपारी एडिट झालेला भाग आज रात्री जातो. मग मध्ये कॅप्शनला वेळ कुठून आणायचा? पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. मालिकेचे संवाद लिहिलेले असतात, मराठीत, आणि हल्ली टाइपच केलेले असतात. इंग्रजी सबटायटलसाठी अनुवाद करावा लागतो, मराठी कॅप्शनसाठी नाही. संवादलेखकाची फाइल हातात असेल तर काम उरतं ते सेटवर नटांनी बदललेली वाक्यं दुरुस्त करण्याचं, ओळी तोडण्याचं आणि टाइमकोड, म्हणजे कुठली ओळ कोणत्या क्षणी दिसायची ते, बसवण्याचं. बावीस मिनिटांच्या भागाला सरावलेल्या माणसाचे दोन-तीन तास. रोज इतक्या घाईत संगीत, रंगदुरुस्ती, जाहिरातींचे ब्रेक सगळं बसवणाऱ्या यंत्रणेला हे अशक्य आहे, हे मला पटत नाही. अगदीच नाही जमलं तर दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रसारणाला तरी लावा. ही मागणी तुमच्या पत्रात जरूर घाला; वाहिनीला नाही म्हणायला ती फार अवघड जाते.

सिनेमांचं तर त्याहून सोपं आहे. चित्रपटगृहांतल्या सोयींबाबत केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी आणि पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी पाठवायच्या चित्रपटांना १ जानेवारी २०२५ पासून क्लोज कॅप्शन आणि ध्वनिवर्णन लागतं, असं त्यांत आहे. म्हणजे पुरस्कारांच्या रांगेत उभ्या असलेल्या नव्या मराठी सिनेमाची कॅप्शन फाइल निर्मात्याकडे तयार असायला हवी. तोच सिनेमा सहा महिन्यांनी रविवारी दुपारी टीव्हीवर लागतो तेव्हा ती फाइल कुठे जाते, हे विचारा.

‘स्क्रीन खराब दिसते, लोकांना आवडत नाही’ असंही ऐकवतील. क्लोज कॅप्शन रिमोटनं चालू-बंद होतात, ज्याला नकोत त्याला दिसणारच नाहीत. आणि कायमची छापलेली अक्षरंसुद्धा आपल्याकडे चाललेली आहेत. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये त्याच भाषेतल्या सबटायटलची कल्पना मांडली, ती साक्षरतेसाठी: गाणं ऐकता ऐकता शब्द रंग बदलत जातात आणि डोळा वाचायला शिकतो. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’वर ती दिसली. पुढे त्यांच्या प्लॅनेटरीड संस्थेनं झी टॉकीजवर मराठी सिनेमे मराठी सबटायटलसह दाखवण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच केला. त्यांचा उद्देश लहान मुलांचं वाचन हा होता, बधिर प्रेक्षकांचा नव्हे, पण पडद्यावर जे आलं ते तुमच्या वडिलांना हवं तेच. कोणी टीव्ही फोडला नाही.

तांत्रिक सबबही निघेल. जुन्या ॲनालॉग काळात ती खरी होती. अमेरिकेत कॅप्शन चित्राच्या एकविसाव्या ओळीत लपवून पाठवत, आणि ती पद्धत रोमन अक्षरांच्या हिशेबानं बांधलेली होती, देवनागरी तिच्यात बसणं कठीण. आजच्या डिजिटल डीटीएचमध्ये सबटायटल चित्ररूपातही पाठवता येतात, तेव्हा लिपी कुठली हा प्रश्नच उरत नाही. अडचण असते ती मधल्या साखळीत: वाहिनीनं पाठवलं तरी डीटीएच किंवा केबलवाल्यानं ते पुढे सोडलं पाहिजे आणि तुमच्या सेट-टॉप बॉक्सनं दाखवलं पाहिजे. म्हणून पत्र लिहिण्याआधी रिमोटवरचं सबटायटलचं बटण आणि बॉक्सच्या मेन्यूतला भाषेचा पर्याय एकदा तपासा. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

बाहेरच्या देशांत हे वाहिन्यांच्या चांगुलपणानं झालं असा एक गोड समज आहे. अमेरिकेत १६ मार्च १९८० ला नियमित क्लोज कॅप्शन सुरू झाले, पण बघायला वेगळा डिकोडर लागायचा आणि तो सुमारे अडीचशे डॉलरला. घेणारे थोडे, म्हणून कार्यक्रम थोडे, म्हणून घेणारे आणखी थोडे. ही कोंडी १९९० च्या कायद्यानं फुटली: जुलै १९९३ पासून तेरा इंची आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्ही संचात डिकोडर आतच बसवायचा. त्यानंतर कार्यक्रमांचं प्रमाण ठरवून दिलं गेलं, आणि २०१४ मध्ये दर्जाचे नियम आले: अक्षरं अचूक हवीत, आवाजाबरोबर हवीत, शेवटपर्यंत हवीत आणि चेहऱ्यावर चढलेली नकोत. ओटीटीचंही तसंच. नेटफ्लिक्सवर अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं दावा लावला, २०१२ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे सगळ्या कार्यक्रमांना कॅप्शन देण्याची तारीख ठरली.

आपल्याकडेही कोर्टाचं वारं त्याच बाजूला आहे. ‘पठाण’ ओटीटीवर येण्याआधी त्यात हिंदी क्लोज कॅप्शन आणि ध्वनिवर्णन घाला, असं दिल्ली उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये निर्मात्यांना सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात आणखी मोठी गोष्ट केली: दिव्यांगांसाठीची सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही नियम सक्तीचे करा, असं सरकारला बजावलं. पत्रात हा निकाल नावानिशी लिहा.

एक सावधगिरी. मागणी करताना ‘सांकेतिक भाषा नको, कॅप्शन द्या’ असं चुकूनही लिहू नका. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि भराभर पळणारं मराठी वाचणं त्यांना जड जातं. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेले लोक पन्नास लाखांच्या वर होते. त्यात दोन्ही प्रकारचे लोक आले, आणि वयानं कान गेलेले कितीतरी जण तर स्वतःला अपंग म्हणून नोंदवतच नाहीत. दोन्ही सोयी लागतात.

आता प्रत्यक्ष पत्र. पहिलं वाहिनीला, ईमेलनं आणि नोंदणीकृत डाकेनंही. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, डीटीएच किंवा केबल कंपनी आणि बॉक्सचा प्रकार लिहा. भावनिक मजकूर दोन ओळींत आटोपा. मग तीन प्रश्न: २०१९ च्या मानकांनुसार तुम्ही आठवड्यातला कोणता कार्यक्रम कॅप्शनसह देता, तो कधी लागतो, आणि या अमुक मालिकेच्या पुनःप्रसारणाला मराठी कॅप्शन कधीपासून देणार? त्याची प्रत डीटीएच कंपनीला, ‘तुमच्या बॉक्सवर सबटायटल दिसतात का’ एवढाच प्रश्न घालून.

उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नावे तक्रार टाका आणि दिल्लीच्या मुख्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करा. पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, पण प्रसारण हा केंद्राचा विषय, त्यामुळे तिथे प्रत पाठवावी आणि मूळ अर्ज दिल्लीलाच. मराठीत लिहिलात तरी चालेल, सोबत हिंदी किंवा इंग्रजी गोषवारा जोडलात तर फाइल लवकर हलते. शक्य असेल तर गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर वीसेक सह्या घ्या. तिथे वडिलांसारखे निम्मे तरी निघतील.

याबरोबरच मंत्रालयाला माहिती अधिकारात अर्ज टाका, शुल्क दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक. विचारायचं एवढंच: कोणत्या मराठी वाहिन्यांना २०१९ च्या मानकांतून सूट आहे, आणि बाकीच्यांनी ती पाळली याची कोणती नोंद तुमच्याकडे आहे? उत्तर आलं की इथे खाली टाका, पुढचा अर्ज मी लिहून देते.