हात आखडता, अंग वाढतं: शाळेच्या कपड्यांची प्रश्नोत्तरे

शाळा सुरू व्हायला थोडे दिवस उरले की वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: स्वस्त कुठे मिळेल? मी उलट विचारते, गेल्या वर्षीचे कपडे कशाने गेले? गुडघ्यावर फाटले, आखूड झाले, कॉलर विरली, की शाळेतच राहिले? खरेदीला निघण्याआधी ते जुने कपडे पलंगावर मांडून एकदा उलटसुलट बघा. ज्या घरात पँट गुडघ्यावर जाते तिथे शर्टाच्या भारी कापडावर पैसे घालून काहीच साधत नाही. या वेळची बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येऊन ठेपतात.

प्रश्न: मुलगा तिसरीत, मुलगी पहिलीत. सगळं एकदम घेणं झेपत नाही. प्रत्येकी किती जोड पुरतील?

जोड ठरवण्याआधी घरात धुणं किती दिवसांनी होतं ते बघा. रोज धुऊन सकाळपर्यंत वाळत असेल तर दोन शर्ट पुरतात. दिवसाआड धुणं असेल किंवा हवा दमट असेल तर तीन: एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. आठवड्यातून एकदाच मशीन लागत असेल तर मात्र पाचाला पर्याय नाही. खालच्या कपड्याला हा हिशेब लागत नाही. गडद पँट किंवा स्कर्ट दोन दिवस सहज जातो, त्यामुळे दोनच घ्या.

सगळं पहिल्याच दिवशी हवं असंही नाही. जुन्यातलं जे अजून अंगाला होतं ते आधी काढा, कमीत कमी नवं घ्या आणि तीन-चार आठवडे जाऊ द्या. कशाची खरंच ओढाताण होते ते तोवर कळतं, आणि शाळा सुरू होण्याच्या तोंडावरची दुकानातली गर्दीही ओसरलेली असते. मोजे मात्र एकाच रंगाचे, एकाच प्रकारचे घ्या. एक हरवला तरी दुसऱ्याला जोडीदार मिळतो.

प्रश्न: वाढत्या अंगाचे म्हणून दोन साइझ मोठे घेते. सासूबाई म्हणतात बरोबर, मुलगी म्हणते गबाळं दिसतं. कोणाचं खरं?

या वेळी मुलीचं. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं, आणि त्या काळात धडापेक्षा पाय जास्त लांबतात. म्हणून पँट आधी आखूड होते, शर्ट त्यानंतर. दोन साइझ मोठ्या पँटची कड टाचेखाली येऊन फाटते, लांब बाह्या सगळीकडे बुडतात, आणि कपडा अंगाला नीट बसेपर्यंत विटून गेलेला असतो. म्हणजे पैसे मोठ्या मापाचे द्यायचे आणि ते माप वापरायला मिळायचंच नाही.

शर्ट एक साइझ मोठा चालतो. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकापासून दोन बोटांहून खाली उतरत असेल तर तो मोठाच आहे असं समजा. पँट आणि स्कर्ट मापाचे घ्या, पण आतून उलटून बघा. खालची दुमड ५-६ सेंटीमीटरची असेल तर एक वर्ष सरळ वाढवून मिळालं. तयार कपड्यात बऱ्याचदा दीड सेंटीमीटरच दुमडलेलं असतं, तिथे उसवायला काही उरत नाही. शिवून घेत असाल तर टेलरला आधीच सांगा: खाली जास्त सोडा, कमरेला आतून कापड ठेवा. कंबरेत बटणाचं इलास्टिक असलेली पँट थोडी महाग पडली तरी घ्यावी.

कापड सुती असेल तर शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. आधी न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ८० सेंटीमीटरच्या पँटमधून अडीच ते चार सेंटीमीटर असेच जातात, म्हणजे वाढीसाठी ठेवलेली निम्मी दुमड.

दुमड सोडल्यावर जुन्या घडीची रेष दिसते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडकं भिजवा, रेषेवर ठेवून इस्त्री फिरवा. घडी बरीचशी बसते. आधी आतल्या कोपऱ्यावर करून बघा. रंगच उडालेला असेल तर ती रेष जाणार नाही. तिच्यावरून त्याच रंगाच्या दोन टिपा मारा, मुद्दाम केलेली नक्षी वाटते.

प्रश्न: दुकानात दोन शर्ट सारखेच दिसतात, किमतीत मात्र बराच फरक. कापड ओळखायचं कसं?

हाताने. कापडाचा एक भाग दोन्ही हातांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी झडली आणि कापड लुळं पडलं तर ती खळ होती, पहिल्या धुण्यात निघून जाईल. शिवणीजवळ नख आडवं ओढा. धागे सरकून फट पडली तर वीण सैल आहे, बगलेत उसवणारच. मग कापड उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दाट दिसली पाहिजे. मुठीत आवळून दहापर्यंत मोजा आणि सोडा, सुरकुती किती राहते त्यावरून रोजची इस्त्री किती करावी लागेल ते कळतं.

शर्टासाठी टेरिकॉट, म्हणजे साधारण ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सूत, हा हिशेबी पर्याय आहे: लवकर वाळतं, कमी चुरगळतं, जास्त टिकतं. पण मुलाला घामोळं येत असेल किंवा त्वचा नाजूक असेल तर सुतीच घ्या. मिश्र कापडात घामाचा वासही जास्त धरून राहतो. पँटसाठी तिरप्या रेघांची वीण बघा, जीन्सवर दिसते तशी. ती घट्ट विणता येते आणि डागही लपवते.

शेवटी कपडा उलटा करा. टाके बारीक आणि सारखे आहेत का, कापडाच्या कडा इंटरलॉक केल्या आहेत का, काजांचे धागे सुटलेत का? किमतीच्या चिठ्ठीपेक्षा आतली बाजू खरं बोलते.

प्रश्न: धाकटा महिन्याभरात पँट गुडघ्यावर फाडतो. जाड कापड घेऊनही तेच.

ठिगळ फाटण्याआधी लावा, आणि आतून. जुन्या पँटचा चांगला राहिलेला भाग, बहुतेक मांडीच्या मागचा, कापून घ्या. तो अनेकदा धुतलेला असतो, त्यामुळे पुन्हा आटत नाही.

आता जागा. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मूल उभं असताना खूण केली तर ठिगळ हमखास वर जातं. पँट घालून त्याला गुडघ्यावर बसवा, जमिनीला टेकतो तिथे खडूने गोल काढा, मग पँट उतरवा. ठिगळ त्या गोलाहून सगळीकडून तीन बोटं मोठं कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरे आधी उचकटतात. पँटच्या पायाची आतली शिवण थोडी उसवली की कापड सपाट पसरतं आणि मशीनवर टीप सरळ येते. कडेने एक टीप, मधून दोन-तीन उभ्या टिपा. मशीन नसेल तर इस्त्रीने चिकटणारं ठिगळही चालतं, पण त्याच्या कडेने हाताने टाके घालाच. नुसता डिंक धुण्यात सुटतो.

प्रश्न: नातेवाइकांच्या मुलांचे वापरलेले कपडे मिळतात. घ्यावेत का? दहा वर्षांच्या मुलीला आवडत नाही.

घ्यावेत, पण मिळाले म्हणून सगळे नाही. बगल, कॉलरची घडी, पँटची बैठक आणि गुडघे उजेडासमोर धरून बघा. या चार जागी कापड जाळीदार दिसलं तर ते काही महिन्यांचंच सोबती. इलास्टिक ताणून सोडा, चेन दोन-तीनदा ओढून बघा. चेन बदलायला टेलर घेईल ते पैसे कधी कधी कपड्याच्या किमतीलाच भिडतात. गणवेश असेल तर रंग नव्या शर्टाशेजारी धरून पाहा, दिवसाच्या उजेडात.

मुलीचं म्हणाल तर दहाव्या वर्षी ‘कोणाचं घातलंस?’ हा वर्गातला प्रश्न झोंबतो, तो मोडीत काढू नका. तिच्यासमोर ढीग ठेवा आणि तिला निवडू द्या. बटणं बदला, माप तिच्या अंगाला करून घ्या. दुसऱ्याचा कपडा ओळखू येतो तो बहुतेक ढगळपणामुळे. आणि थोरलीला कायम नवं, धाकटीला कायम तिचं जुनं असं होऊ देऊ नका. वर्षातून एक तरी गोष्ट धाकटीसाठी कोरी यावी.

प्रश्न: बूट मोठे घेऊन पुढे कापूस घातला तर?

नको. बुटाच्या इंग्लिश मापात एका नंबरमागे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतात, दोन नंबर मोठा घेतला तर सतरा. तेवढ्या मोकळ्या बुटात पाय पुढे घसरतो, टाचेला फोड येतात, आणि बूट चुकीच्या जागी मोडतो. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, म्हणजे एक ते दीड सेंटीमीटर. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय किंचित सुजतो. मूल उभं असावं, रोजचे मोजे घातलेले असावेत, आणि दोन्ही पाय मोजावेत. थोडा फरक असतोच, मोठ्या पायाचं माप धरा.

काटकसर करायचीच तर बुटावर करू नका. वापरलेले बूटही टाळा; आतला तळ आधीच्या मुलाच्या पायाच्या आकारात दबलेला असतो.

प्रश्न: पांढरा शर्ट दोन महिन्यांत पिवळा पडतो.

ब्लीच थांबवा. क्लोरीनचं ब्लीच सुती धागा कमजोर करतं आणि काही मिश्र कापडं त्यानेच पिवळी पडतात. कॉलरवरचा काळपटपणा हा अंगाच्या तेलाचा असतो, भांड्यांच्या लिक्विडचा थेंब चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. रक्त किंवा दुधाचा डाग थंड पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का होतो. बॉलपेनच्या शाईखाली जुनं फडकं धरा आणि मागच्या बाजूने स्पिरिट टिपत राहा.

प्रश्न: नववीतल्या मुलाला ब्रँडेडच हवं. नाही म्हटलं की अबोला.

त्याला रक्कम सांगा, यादी दाखवा. एका वस्तूवर त्याच्या मनासारखं होऊ द्या, बाकीचं त्या रकमेत बसवायचं काम त्याचं. माझं मत विचाराल तर ती वस्तू बॅग असावी. ती आखूड होत नाही.

प्रश्न: आमचं फाटत नाही, हरवतं. स्वेटर, टोपी, डबा ठेवायची पिशवी.

मग तुमचे पैसे कापडावर नव्हे, नावावर लावा. पक्क्या शाईच्या पेनने सुती पट्टीवर नाव आणि तुकडी लिहा, पट्टी आतून हाताने टाचा. पुढे कपडा दुसऱ्या कोणाला द्यायचा झाला तर दोन टाके उसवले की काम झालं. स्वेटरला गळ्याशी मागे लूप शिवा. खुंटीवर अडकवता येईल असं काही नसलं की मुलं तो बाकावर टाकून येतात.