निरोपाच्या भाषणाआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

महिनाअखेरीला बाबांचा सेवापूर्ती समारंभ आहे आणि घरच्यांतर्फे तू बोलणार, हे कळल्यावर फार आनंद झाला. तुझा मसुदा वाचला. शौर्य, त्याग, देशसेवा हे शब्द त्यात पुष्कळ आहेत, पण बाबा फारसे भेटले नाहीत. हेच भाषण उद्या दुसऱ्या कुणाच्या निरोपाला वाचलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. तुझ्या बाबांच्या बाबतीत असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पलटणीतून ते घरी आले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. पेन्शन होती, गावाकडे थोडी जमीन होती. तरी त्यांनी पोलिस भरतीचा अर्ज भरला, माजी सैनिकांसाठी राखीव जागेतून निवडले गेले आणि दंडावरच्या हवालदाराच्या तीन फिती उतरवून पुन्हा शिपाई झाले. सीमेवर सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी, सांभाळलेला माणूस प्रशिक्षण केंद्रात विशीतल्या पोरांच्या रांगेत 'सावधान, विश्राम' करत उभा राहिला. त्यांच्या साऱ्या नोकरीत मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते, आणि तुझ्या मसुद्यात ती एका ओळीतही नाही. तो पहिला महिना कसा गेला, हे त्यांनाच विचार.

दुसरं विचार ते बंदोबस्ताचं. सैन्यात समोर शत्रू असतो. पोलिसाच्या समोर आपलीच माणसं असतात: आषाढीला पंढरपुरात लोटलेले वारकरी, विसर्जनाच्या रात्रीची मिरवणूक, कधी चिडलेला मोर्चा. हत्यार चालवायला शिकलेल्या हातांनी दगड येत असतानाही काठी आवरून धरायची, ही शिस्त पुन्हा नव्याने अंगी बाणवावी लागते. शिवाय सुट्टी ऐनवेळी रद्द होते आणि सणाच्या दिवशी तर ड्युटी ठरलेलीच. हे तू पोलिस लाइनीत वाढताना पाहिलं आहेस, तेव्हा ते तुझ्याच शब्दांत येऊ दे.

तुकाराम ओंबळे यांचं नाव तू घेतलं आहेस, ते राहू दे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे ओंबळे लष्कराच्या सिग्नल कोअरमधून निवृत्त होऊन १९९१ साली मुंबई पोलिसात आले. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. गोळ्या झेलत त्यांनी प्राण सोडला, पण कसाब जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण त्या रात्रीआधीही त्यांनी सतरा वर्षं पोलिसाची नोकरी केली होती, नाकाबंदीत आणि रात्रपाळीत. तुझ्या बाबांची सगळी नोकरी तशाच रात्रींची आहे. त्यांच्या वाट्याला चौपाटी आली नाही म्हणून त्यांचं काम उणं ठरत नाही, हे मंचावरून ठणकावून सांग.

काही प्रसंगांबद्दल ते बोलणार नाहीत. तिथे खोदू नकोस, आणि दुसऱ्याकडून कळलं तरी माइकवर सांगू नकोस. 'आता आराम करा' हे वाक्य काढून टाक. त्यांना ते आवडणार नाही. पलटणीतल्या जुन्या साथीदारांना आठवणीने बोलावणं धाड, कारण पोलिस ठाण्याच्या यादीत त्यांची नावं नसणार.

मसुदा पुन्हा लिहून झाला की आधी आईला वाचून दाखव. तुझ्या बाबांच्या फील्ड पोस्टिंगच्या काळात घर तिने एकटीने चालवलं आहे. कुठली तारीख चुकली आणि कुठे तू वाढवून सांगते आहेस, हे तिला लगेच कळेल. मग मला पाठव.

तुझे काका