चार मिलीमीटरची फट

प्रश्न : आमची एर्टिगा २०१४ सालची आहे. मी मेढ्याला राहते आणि शाळेसाठी रोज साताऱ्याला येऊन-जाऊन करते. मे महिन्यात शेजारच्या बांधावर गवत कापायचं मशीन चालू होतं. त्यातून खडा उडाला आणि तिसऱ्या सीटशेजारची डावी, न उघडणारी काच खळ्ळकन खाली आली. घाईघाईत एका दुकानात भंगारातली काच बसवून घेतली, २,२०० रुपये दिले. काच बसली, पण मागच्या वरच्या कोपऱ्यात चार मिलीमीटरची फट राहिली. ती त्यांनी सिलिकॉनने बुजवली. आता गाडी साठच्या पुढं गेली की शीळ वाजते. जुलैच्या पावसात आत पाणी आलं, मुलांच्या तपासायच्या वह्या भिजल्या, आणि परवा मॅट उचलली तर खाली चक्क अळंबी! दुकानदार म्हणतात, "दुसरी काच आणतो. जराशी मोठी आहे, पण ग्राइंडर मारून बसवून देतो." मारू देऊ का? आणि एवढ्याशा काचेतही मापं वेगवेगळी असतात का?
— एक शिक्षिका, मेढा

उत्तर : ताई, ग्राइंडर अजिबात मारू देऊ नका. मारलाच तर ती काच गाडीत बसायच्या ऐवजी दुकानाच्या फरशीवर पसरेल.

हे मी स्वतः करून बसलोय. एकोणीस वर्षांचा होतो, पुण्यात नाना पेठेत एका काचेच्या दुकानात हाताखाली काम करायचो. एक काच कोपऱ्यात जरा अडत होती. उस्ताद चहा पीत होते. मी शहाणपणा करून ग्राइंडर चालू केला आणि काचेच्या कडेला नुसता टेकवला. फट्ट असा आवाज झाला आणि हातात काहीच उरलं नाही, पायाशी चुरमुऱ्यांसारखा ढीग. उस्ताद जागचे उठलेसुद्धा नाहीत. कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट केलं, बस्स. काचेचे पैसे मात्र पगारातून कापले, तेही तीन हप्त्यांत.

असं का होतं ते सांगतो. बाजूच्या काचा 'टफन' केलेल्या असतात. कारखान्यात काच आधी मापाला कापतात, कडा घासतात, भोकं पाडायची असली तर पाडतात. मग ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवा तसा बाक देतात आणि लगेच दोन्ही अंगांनी गार हवेचे झोत मारतात. वरचा थर चटकन घट्ट होतो, आतला मागाहून गार होतो आणि आकसताना वरच्याला आवळून धरतो. ही आवळाआवळ काचेत जन्मभर राहते. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी दणकट, पण कुठंही वरचा थर भेदला की सगळा ताण एकदम सुटतो आणि बोथट दाणे होतात. तुमच्या सीटवर तेच सांडले होते. थोडक्यात, या काचेवरची सगळी कापाकापी भट्टीत जाण्याआधीच उरकलेली असते. नंतर कुणी 'जराशी घासून देतो' म्हणाला की आपली किल्ली मागून घ्यायची.

आता मापं. हो, वेगवेगळी असतात, आणि नाव एकच असल्यामुळं घोळ वाढतो. एर्टिगा २०१२ ला आली आणि २०१८ च्या शेवटी पूर्ण नव्या बॉडीत आली. रस्त्यावर दोन्ही एर्टिगाच, भंगारवाल्याच्या तोंडीही दोन्ही एर्टिगाच. पण तुमच्या बाबतीत मला पिढीची गडबड वाटत नाही. तसं असतं तर काच चारी बाजूंनी भांडली असती. इथं एकच कोपरा रुसलाय. माझा पहिला संशय काळ्या पट्टीवर आहे. बऱ्याच गाड्यांच्या या काचांना कडेनं कारखान्यातच ओतलेली रबरासारखी पट्टी असते. भंगारातल्या गाडीतून काच काढताना कटर चालवणारा घाईत असला की पट्टीही कापली जाते. मग उरते नुसती काच, आणि ती त्या भोकाला लहानच पडणार.

दुसरा संशय जुन्या गोंदावर. तुमची काच पेस्टिंगची आहे, म्हणजे काळ्या पीयूनं (पॉलियुरेथेनच्या गोंदानं) बॉडीला चिकटवलेली. जुना पीयू एकसारखा न छाटता तसाच ठेवला आणि एखाद्या ठिकाणी गठ्ठा राहिला, तर काच त्यावर डुगडुगते. चौरंगाच्या एका पायाखाली खडा आला की कसं होतं, तसंच. तिसरं विचारायला जरा अवघड, पण विचारतो. गाडी कधी मागून डाव्या बाजूला ठोकली होती का? सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकालाही विचारा. पत्रा ओढून सरळ केलेला असला तर भोकाचंच माप बदललेलं असतं. मग कंपनीची कोरी काच आणली तरी ती कुरकुर करणारच.

नक्की काय झालंय हे घरबसल्या कळू शकतं. माझ्या लहानपणी कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या घरी होता. काच फुटली की आई म्हणायची, "तुकडा घेऊन जा, नाहीतर भलतीच आणशील." टफन काचेचा असा तुकडा हाती लागत नाही. पण ताई, तुमच्याकडं नमुना आहेच, उजव्या बाजूला! उजव्या काचेवर बाहेरून वर्तमानपत्र ताणून चिकटवा आणि कडेनं पेन्सिल आडवी घासत छाप उठवा. तो कागद पालथा केला की डाव्या काचेचा आकार मिळाला. बसवलेल्या काचेवर तो ठेवून बघा, कुठं किती कमी पडतंय ते दिसेल. पण आकारानं निम्मंच काम होतं, बाकही जुळायला हवा. त्यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधोमध दोऱ्यापासून काचेची खोली पट्टीनं मोजा. ही काच बाहेर फुगीर असते, म्हणून आतून मोजा. उजवीकडं जेवढं येईल तेवढंच डावीकडं यायला हवं. दोन-तीन मिलीमीटरचा जरी फरक निघाला तरी ती काच परत करा, दाबून-दुबून बसवू नका. दाबून बसवलेली काच एखाद्या थंडीच्या पहाटे, कुणी हातही न लावता, फुटू शकते.

आणि हो, उजवीची काच उलटी करून डावीला लावू का, असंही मला लोक विचारतात. नाही हो. बाक उलटा होईल आणि कडेचा काळा छापील पट्टा बाहेर येईल. तो पट्टा आतल्या बाजूला असतो, त्याच्या आड गोंदाला ऊन लागत नाही.

नवी काच मागताना गाडीचं नाव आणि साल सांगून थांबू नका. आरसीवरचा १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर द्या. त्यावरून पार्ट नंबर निघतो आणि 'डावी की उजवी' हेही त्यातच येतं. काच हातात आली की कोपऱ्यातला शिक्का बघा. भारतीय मानकाचा आयएस २५५३ हा आकडा आणि आयएसआय खूण असली पाहिजे. शिक्काच नसलेली काच फुकट दिली तरी घेऊ नका. रंगही उजवीशेजारी धरून बघा. हिरवट काचेशेजारी पांढरी काच आली की गाडीचा एक डोळा मोतीबिंदूचा वाटतो. कुणी स्वस्तात अ‍ॅक्रिलिकचा तुकडा सुचवला तर सरळ नाही म्हणा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० खिडक्यांना मानकात बसणारी सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंगच मागतो.

सिलिकॉनचा मला खरा राग आहे. ज्याला बसवायची घाई, त्याच्या खिशात सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, तो अ‍ॅसेटिक आम्लाचा. रंग खरवडलेल्या पत्र्यावर ते बसलं की खालून गंज धरतो आणि तुम्हाला दोन वर्षांनी रंगाखाली फोड दिसतो. वर आणखी एक त्रास : सिलिकॉनचा ओशट थर राहिला तर त्यावर पीयू धरत नाही. त्यामुळं नवी काच बसवणाऱ्याला आधीच सांगा, "इथं सिलिकॉन मारलंय." तो कपाळाला हात लावेल, जास्त मजुरी मागेल. द्या. ते खरवडून काढायला खरंच अर्धा दिवस जातो.

चांगला कारागीर काय करतो ते उभं राहून बघा. पत्र्यावरचा जुना पीयू तो मुळापासून उपटणार नाही. मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा सपाट थर ठेवेल, कारण नवा पीयू त्या थराला छान धरतो. जिथं पत्रा उघडा पडला असेल तिथं प्रायमर (गोंदाआधीचा पातळ थर) लावेल, काचेच्या काळ्या पट्ट्यावरही लावेल. मग गोंद न लावता काच एकदा कोरडीच ठेवून चारी बाजूची फट बघेल. तुमच्या दुकानदारानं बहुधा हेच केलं नाही. फट सारखी आली की मगच पीयूची एकसंध वात फिरवायची आणि काच टेकवून मास्किंग टेपनं धरून ठेवायची. पीयू हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, त्यामुळं मेढ्याच्या हवेला घाबरू नका, फक्त काम छताखाली करून घ्या. पहिला दिवसभर पुढची एक काच बोटभर खाली ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेचा धक्का ओल्या काचेला बसतो. दोन दिवस प्रेशरनं गाडी धुऊ नका.

दोन दिवसांनी पाण्याची परीक्षा. एकजण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर नळी घेऊन. पाणी खालच्या कडेपासून सुरू करा आणि हळूहळू वर न्या. आधीच वरून सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आतलं प्लॅस्टिकचं पॅनेल यावेळी काढलेलं असू द्या.

पॅनेल काढायला सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे. जुन्या काचेचे दाणे पॅनेलच्या आत पडलेले असणार. तिसऱ्या सीटच्या बेल्टचं गुंडाळायचं चाक त्याच बाजूला असतं. त्यात दाणा गेला तर बेल्ट अडकतो किंवा पट्टा कापला जातो. व्हॅक्यूम मारून घ्या आणि बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याची कड बोटानं तपासा. अळंबीचं म्हणाल, तर मॅट उन्हात टाकून भागणार नाही. खालचा फोम पाणी धरून ठेवतो. तो बाहेर काढून दोन-तीन कडक उन्हं द्या. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली ठेवा आणि तोवर गाडी तशीच उघडीबोडकी चालवा. वास एकदा फोममध्ये मुरला की अत्तर मारून जात नाही.

विम्याचं आता उशिरा झालं, पण इतरांच्या कामाला येईल म्हणून लिहितो. काच फुटली की आधी फोटो, विमा कंपनीला फोन, मग दुरुस्ती. काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, रबराच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आपल्या खिशातून जातातच. शिवाय एक क्लेम केला की जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो ५० टक्क्यांवर पोचलेला असेल तर एका छोट्या काचेसाठी क्लेम करणं मला तरी परवडत नाही.

प्रश्न : तिसऱ्या सीटच्या बाजूच्या काचेला काळी फिल्म लावली तर चालते का? मागं कोण बघतंय?
— वाचक, फलटण

उत्तर : पोलीस बघतात. बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आत आला पाहिजे. वरून चिकटवायच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये बंदी घातली. मागं लहान मुलं बसत असतील तर काढता येणारी जाळी वापरा.

प्रश्न : आमच्या जुन्या ओम्नीची मागची बाजूची काच रबरात बसते. रबर नवीन आणलंय. मी आणि माझा भाऊ घरी बसवू शकू का?
— वाचक, कोरेगाव

उत्तर : बसवू शकाल, आणि दोघं आहात हेच बरं आहे. आधी पत्र्याची कड तारेच्या ब्रशनं साफ करून गंज बघा. गंज असेल तर तिथंच थांबून रंग द्या. रबर काचेला चढवा. रबराच्या ज्या खाचेत पत्रा जाणार, तिच्यात सगळीकडून सुतळी फिरवून दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून आत लोंबती सोडा. साबणाचं पाणी लावा. तेल लावू नका, तेलानं रबर फुगतं. भावानं बाहेरून तळव्यांनी काच दाबून धरायची आणि तुम्ही आतून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. कोपऱ्याला अडलं तर ओढाताण करू नका, तिथं पुन्हा साबण लावा आणि भावाला नेमकं त्या जागी दाबायला सांगा. स्क्रू ड्रायव्हरनं ओठ उचलायचा मोह होईल. पण त्याचं टोक काचेच्या कडेला लागलं तर माझ्यासारखा झाडू हातात घ्यावा लागेल. रबर कडक वाटत असेल तर बसवण्याआधी तासभर उन्हात ठेवा.